केसाळ भुंगा नक्की कोणता? बम्बलबीची जात ओळखताना रंग सर्वांत शेवटी

व्हॅली ऑफ फ्लॉवर्स किंवा हिमाचलचा ट्रेक करून आलेल्यांच्या मोबाइलमध्ये एक फोटो हमखास सापडतो: जांभळ्या फुलात डोकं खुपसून बसलेला, काळा-पिवळा, लोकरीच्या गोंड्यासारखा कीटक. फोटोखाली कुणी लिहितं 'भुंगा', कुणी सुधारून 'बम्बलबी' म्हणतं, आणि मग एखादा उत्साही नेटवरचं चित्र जुळवून थेट जातीचं शास्त्रीय नावच देऊन टाकतो. पाय घसरतो तो इथे. चित्र जुळवताना आपण प्रत्यक्षात रंग जुळवत असतो, आणि बम्बलबीच्या बाबतीत रंग हा सर्वांत बोलका आणि तितकाच खोटारडा साक्षीदार आहे. त्याची साक्ष घ्यायची, पण बाकीच्यांची घेऊन झाल्यावर.

आधी शब्दांचा एक गुंता सोडवू. शाळेच्या पुस्तकात 'प्रजाती' ही वरची पायरी आणि 'जाती' ही खालची. वर्तमानपत्रांत मात्र खालच्या पायरीलाही सरसकट 'प्रजाती' म्हणतात. इथे शाळेचाच क्रम धरला आहे. बॉम्बस ही प्रजाती. तिच्यात जगभर 260 हून थोड्या अधिक जाती. भारतात जवळजवळ 50, आणि त्या हिमालयात व ईशान्येकडच्या डोंगरांत.

आपला भुंगा तो नव्हे

दख्खनच्या पठारावर आणि सह्याद्रीत बॉम्बस आढळत नाही. रुईच्या फुलांवर घोंघावणारा, घराच्या वाशाला किंवा बांबूला गोल भोक पाडणारा आपला भुंगा म्हणजे सुतारमाशी, प्रजाती झायलोकोपा. मोठा, काळा आणि आवाज करणारा असल्यामुळे घोटाळा होतो. त्यातच आपल्याकडे एका सुतारमाशीच्या मादीच्या छातीवर दाट पिवळे केस असतात, त्यामुळे पहिल्या नजरेत ती अगदी बम्बलबी वाटते.

पोटाची पाठ बघा. सुतारमाशीचं पोट वरून जवळजवळ बोडकं, काळं, पॉलिश केल्यासारखं चकाकतं. बम्बलबीचं पोट शेवटापर्यंत केसाळ. सुतारमाशीचे पंख बहुधा गडद असून उन्हात निळे-जांभळे चमकतात. यावर संशय राहिला तर मागचा पाय बघायचा, त्याबद्दल पुढे.

दुसरा तोतया म्हणजे माशी, घरमाशीच्या नात्यातली. युरोपात व्होल्युसेला बॉम्बिलान्स नावाची फुलमाशी बम्बलबीचं सोंग इतकं बेमालूम घेते की तिचे फोटो बम्बलबीच्या नावाखाली फिरतात. तिला पंखांची एकच जोडी, डोळे डोकं भरून, आणि स्पर्शिका आखूड, जेमतेम दिसतील अशा. बम्बलबीला पंखांच्या दोन जोड्या आणि कोपरात वाकल्यासारख्या लांब स्पर्शिका. फोटोत मागचा पंख पुढच्या पंखाखाली लपतो, म्हणून पंख मोजत बसण्यापेक्षा स्पर्शिका बघणं सोपं.

नर की मादी

हा प्रश्न लोक गाळतात आणि पुढचं सगळं चुकतं. बम्बलबीच्या एकाच घरट्यात राणी, कामकरी आणि नर असे तीन प्रकार असतात, आणि एकाच जातीत नराचा रंग मादीपेक्षा वेगळा असू शकतो. ओळखसारण्यासुद्धा, म्हणजे एकेक खूण विचारत नावापर्यंत नेणारे तक्ते, नर आणि मादी यांच्यासाठी वेगळ्या असतात. नराचा नमुना मादीच्या सारणीत घातला तर कुठलं ना कुठलं उत्तर मिळतंच, पण ते चुकीचं.

दहापट भिंग घ्या आणि मोजा. मादीच्या स्पर्शिकेत 12 तुकडे, नराच्या 13. मादीच्या पोटाचे वरून 6 खंड दिसतात, नराचे 7. मादीचं शेपूट टोकदार आणि आत डंख; नराचं बोथट. राणी आणि कामकरी दोघीही मादीच, त्यांच्यात मुख्य फरक आकाराचा. उदाहरणार्थ युरोपातल्या बॉम्बस टेरेस्ट्रिसची राणी 20 ते 22 मिलिमीटर, कामकरी साधारण 11 ते 17. म्हणजे 'लहान आहे म्हणून वेगळी जात' हा तर्क बाद. घरट्यातल्या पहिल्या कामकरी माश्या अर्धपोटी वाढलेल्या असल्यामुळे आणखीच बारक्या असतात.

ऋतूही मदत करतो. थंड प्रदेशात वसंतात जमिनीलगत रेंगाळत बिळं हुंगत फिरणारी मोठी माशी ही बहुतेक वेळा घरटं शोधणारी राणी. नर उन्हाळा सरता सरता येतात.

मागचा पाय: परागटोपली आहे का

मादीच्या मागच्या पायाची नडगी बाहेरून सपाट, चकचकीत आणि मधोमध बोडकी असते. तिच्या दोन्ही कडांना लांब ताठ केसांचं कुंपण. हीच परागटोपली. परागकण मधात कालवून त्याचा गोळा इथे चिकटवला जातो. सातेरी किंवा आग्या मधमाशीलाही टोपली असते, पण तिच्या मागच्या नडगीच्या टोकाला काटे नसतात. बम्बलबीला दोन असतात. सुतारमाशीला टोपलीच नसते, तिच्या पायावर दाट कुंचला असतो. संशयाचा निकाल इथे लागतो.

मादी आहे, पोट केसाळ आहे, तरीही नडगी फुगीर आणि सगळीकडून केसाळ, टोपलीचा पत्ता नाही. तेव्हा ती सिथिरस या उपप्रजातीतली (उपप्रजाती म्हणजे प्रजाती आणि जाती यांच्या मधली पायरी) आयतोबा बम्बलबी. ती स्वतः घरटं बांधत नाही, दुसऱ्या जातीच्या घरट्यात शिरते, राणीला मारते किंवा दाबून ठेवते आणि आपली अंडी यजमानांच्या कामकरी माश्यांकडून वाढवून घेते. पराग गोळा करायचाच नाही, मग टोपली हवी कशाला? तिच्यात कामकरी प्रकारही नसतो. केस विरळ, त्यामुळे पाठ चकाकते. पंख बहुधा धुरकट. पोटाचं टोक खाली, आत वळलेलं. पूर्वी सिथिरसला स्वतंत्र प्रजाती मानत, आता तिला बॉम्बसमध्येच धरतात.

आयतोबाचा रंग पुष्कळदा यजमानासारखा असतो. टेरेस्ट्रिसच्या घरट्यात शिरणारी बॉम्बस व्हेस्टॅलिस दुरून तिच्यासारखीच दिसते. रंगावर गेलात तर चोराला घरमालक समजून बसाल. नरांना टोपली कुठल्याच जातीत नसते, म्हणून ही कसोटी फक्त मादीवर लावायची. नर-मादीचा प्रश्न आधी सोडवायचा तो यासाठीही.

गाल आणि पावलाचा कोपरा

आता जातीच्या जवळ जाऊ. चेहरा समोरून आणि बाजूने बघा. डोळ्याच्या खालच्या कडेपासून जबड्याच्या मुळापर्यंतचं अंतर म्हणजे गालाची लांबी. जबड्याच्या दोन बिजागरांमधलं अंतर म्हणजे गालाची रुंदी. लांबी रुंदीपेक्षा कमी असेल तर चेहरा आखूड, जास्त असेल तर घोड्यासारखा लांबुळका. आखूड चेहऱ्याच्या माश्यांची जीभ आखूड, लांब चेहऱ्याच्यांची लांब. बॉम्बस हॉर्टोरम ही युरोपातली लांब जिभेची नमुनेदार जात. रंग उन्हाने उडतो, गाल उडत नाही. म्हणून शेतात काढलेल्या फोटोंमध्ये समोरून किंवा तिरका चेहऱ्याचा एक फोटो असणं पाठीच्या दहा फोटोंपेक्षा कामाचं.

मग मधला पाय. नडगीच्या खाली पावलाचा पहिला तुकडा सर्वांत लांब असतो. त्याचा टोकाकडचा मागचा कोपरा गोलसर आहे की काट्यासारखा निघालेला? टेरेस्ट्रिस ज्या उपप्रजातीत येते तिच्यात गोल. हॉर्टोरमच्या आणि आणखी काही उपप्रजातींत टोकदार. हे बघायला 20 ते 40 पट सूक्ष्मदर्शक लागतो, आणि पावलावर परागाचा लगदा चिकटलेला असेल तर गोल कोपराही टोकदार भासतो. आधी मऊ ब्रशने साफ करा.

गाल, पावलाचा कोपरा आणि टोपली एवढ्यावर माशी साधारण कुठल्या उपप्रजातीच्या घरात जाते ते ठरतं. या घरांचीही एकेकाळी भलतीच गर्दी होती. बॉम्बसच्या 38 उपप्रजाती मानल्या जात. 2008 साली पॉल विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी जनुकांवरून काढलेल्या वंशवृक्षाच्या आधारे त्या 15 वर आणल्या. त्या वृक्षात इतर सगळ्यांपासून सर्वांत आधी वेगळी झालेली फांदी म्हणजे मेंडासीबॉम्बस, उंच पर्वतांतल्या माश्यांची. हिमालय आणि तिबेटचं पठार हे तिचं मोठं ठाणं. लडाखच्या खिंडीत दिसणारी केसाळ माशी यांपैकीही असू शकते.

रंग का फसवतो

आता रंगाची साक्ष. ती तीन प्रकारे फसवते.

पहिला प्रकार, वेगळ्या जाती पण रंग एक. डंख मारणाऱ्या माश्यांनी एकाच परिसरात एकच गणवेश घातला तर पक्ष्याला धडा एकदाच शिकावा लागतो आणि फायदा सगळ्यांना होतो. त्यामुळे लांबच्या नात्यातल्या जातीही एका खोऱ्यात सारख्या दिसू लागतात. शेजारच्या प्रदेशात त्याच जातींचा गणवेश वेगळा असू शकतो.

दुसरा प्रकार, जात एक पण रंग दोन. उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या बॉम्बस मेलानोपायगसमध्ये पोटाच्या दुसऱ्या-तिसऱ्या खंडावरचे केस काही माश्यांत तांबडे, काहींत काळे. बराच काळ काळ्या रंगाच्या माश्यांना वेगळं नाव होतं. 1980 साली ओवेन आणि प्लाउराइट यांनी माश्या वाढवून दाखवलं की हा फरक एकाच जनुकाच्या दोन रूपांचा आहे; एका आईच्या पोटी दोन्ही रंग निघतात. 2019 मध्ये तो जनुकही सापडला. शरीराचा कुठला खंड कसा घडायचा हे ठरवणारा अ‍ॅबडॉमिनल-बी हा जनुक नेहमीच्या जागेपेक्षा पुढच्या खंडांतही कामाला लागतो, आणि तिथले केस बदलतात. म्हणजे डोळ्यांत भरणारा हा फरक जनुकांच्या हिशेबात किरकोळ.

तिसरा प्रकार सर्वांत अवघड. अमेरिकेतल्या बॉम्बस बायफेरियसमध्ये तांबड्या आणि काळ्या पट्ट्याच्या माश्या होत्या, आणि फरक रंगाचाच समजत. 2020 साली जनुकीय तुलनेतून दिसलं की ही एक जात नाही, दोन आहेत: बायफेरियस आणि व्हँकुव्हरेन्सिस. पण विभागणी रंगानुसार झालीच नाही. तांबडा पट्टा दोन्हींत सापडतो. रंगावरून जाती पाडणाऱ्यांनाही फटका आणि रंगाकडे दुर्लक्ष करून सगळ्यांना एकत्र ठेवणाऱ्यांनाही.

इंग्लंडच्या बागेतलं पांढरं शेपूट

लंडन-लेस्टरच्या बागांत मराठी घरांनाही रोज भेटणारं उदाहरण हे. काळी माशी, दोन पिवळे पट्टे, पांढरं शेपूट. ब्रिटनमध्ये बम्बलबीच्या 24 जाती आहेत आणि हे वर्णन त्यांतल्या निदान चार जातींच्या कामकरी माश्यांना लागू पडतं: टेरेस्ट्रिस, ल्युकोरम, क्रिप्टारम आणि मॅग्नस. ब्रिटनमध्ये टेरेस्ट्रिसच्या राणीचं शेपूट मळकट तपकिरी असतं, म्हणून ती वेगळी कळते. युरोपच्या मुख्य भूमीवर तिच्याच राणीचं शेपूट पांढरं. इंग्रजी पुस्तक घेऊन जर्मनीत गेलात की ही खूणही गेली.

राहिल्या तिघी. जुन्या पुस्तकांत खुणा दिलेल्या आहेत: मॅग्नसची पिवळी कॉलर पंखाच्या मुळाखाली बरीच उतरते, क्रिप्टारमच्या कॉलरमध्ये काळ्या केसांची वळणदार रेघ असते. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात राणीमाश्यांची जात आधी डीएनएवरून ठरवली आणि मग या खुणा तपासल्या. खुणा जातींमध्ये इतक्या सरमिसळलेल्या निघाल्या की त्यांवरून खात्रीने जात सांगता येत नाही. कामकरी माश्यांचं तर नावच नको.

मग करतात काय? एका पायाचा तुकडा घेऊन सीओआय या जनुकाची सुमारे 650 अक्षरांची पट्टी वाचतात आणि ती नोंदवलेल्या पट्ट्यांशी ताडतात. ही 'बारकोड' पद्धत या गटात उत्तम चालते. नरांच्या ओठग्रंथीतल्या गंधाचं रसायनही जातीनुसार वेगळं असल्याने तोही पुरावा जुळतो. मात्र बारकोड म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. हा जनुक फक्त आईकडून येतो, त्यामुळे संकराची गोष्ट तो अर्धीच सांगतो. कधी केंद्रकात पडून असलेली त्याची जुनी निकामी नक्कल वाचली जाते. आणि भांडारातल्या मूळ नमुन्याचंच नाव कुणी रंगावरून चुकीचं लावलं असेल, तर यंत्र ती चूक तितक्याच आत्मविश्वासाने तुमच्या हातात ठेवतं. म्हणून नवी जात मांडताना केंद्रकातले जनुक, शरीररचना, रसायन आणि भूगोल असे अनेक पुरावे एकाच दिशेला बोट दाखवतात का, हे बघतात.

नराच्या बाबतीत एक जुनी पद्धत अजून भरवशाची: जननेंद्रियाची रचना. पोटाच्या टोकात कडक, तपकिरी चिमट्यासारखा अवयव असतो, आणि त्याच्या टोकांचे आकार पुष्कळ जातींत वेगळे असतात. नमुना ताजा असतानाच वाकड्या टोकाच्या टाचणीने तो बाहेर ओढून ठेवतात. वाळल्यावर ओढलात तर तुटतो. तेव्हा आधी ओलसर बंद डबीत रात्रभर ठेवून मऊ करावं लागतं. डबीत बुरशीनाशक घालायचं विसरलात तर तिसऱ्या दिवशी माशीऐवजी बुरशीचा अभ्यास होतो.

रंग वापरायचाच तर असा

सगळं ऐकून रंग टाकून द्यावासा वाटेल, पण तसं नाही. प्रदेश, लिंग आणि उपप्रजाती ठरली की रंगाला अर्थ येतो. फक्त तो खंडवार लिहायचा. 'पिवळा-काळा' असं न लिहिता, पोटाचा पहिला खंड पिवळा, दुसरा मध्ये तांबूस आणि कडांना पिवळा, तिसऱ्यापासून काळा, असं.

नमुना म्हणून अमेरिकेतली बॉम्बस अफिनिस घ्या. 2017 साली ती संकटग्रस्त यादीत गेल्यापासून मिनेसोटा-इलिनॉयच्या बागांत सगळे तिच्या शोधात. पाठीवर गंजाच्या रंगाचा डाग दिसला की फोटो धडाधड पाठवले जातात. त्यातले बरेच ग्रिसिओकॉलिस या नेहमीच्या जातीचे निघतात, कारण तपकिरी छटा तिलाही असते. अफिनिसचा डाग दुसऱ्या खंडाच्या मध्यभागी, त्याच्या बाजूंना आणि मागे पिवळे केस. ग्रिसिओकॉलिसमध्ये तपकिरी पट्टा दुसऱ्या खंडाच्या पुढच्या कडेला आणि त्यामागे काळं. शिवाय अफिनिसच्या राणीला हा डागच नसतो! डाग नाही म्हणून सोडून दिलेली मोठी माशी नेमकी राणी असू शकते.

केसांची झीजही लक्षात घ्या. उन्हाळाभर राबलेल्या कामकरी माशीचा पिवळा रंग फिकट होतो आणि छातीच्या मधोमध टक्कल पडून काळी कातडी दिसते. ते टक्कल काळा पट्टा म्हणून नोंदलं जातं. अंगभर पराग माखलेली काळी माशी पिवळी दिसते.

फोटो आणि नमुना

एका माशीचे निदान पाच फोटो हवेत: वरून, दोन्ही बाजूंनी नसली तरी एका बाजूने, चेहरा, मागचा पाय आणि शेपटीचं टोक. माशी स्थिर राहत नसेल तर छोट्या बाटलीत घेऊन बर्फात 5 ते 10 मिनिटं ठेवा. ती सुस्तावते, फोटो होतात आणि ऊब मिळताच उडून जाते. फ्रीजरमध्ये नको, तिथे मरते. वसंतातल्या राणीला मात्र अडवून ठेवू नका. अख्खी वसाहत तिच्या एकटीवर उभी राहायची असते. मादीचा डंख मधमाशीसारखा अडकून तुटत नाही, ती पुन्हा पुन्हा मारू शकते.

राष्ट्रीय उद्यानात नमुना गोळा करायला वनखात्याची परवानगी लागते. व्हॅली ऑफ फ्लॉवर्समध्ये फोटोवरच भागवावं. परवानगी असेल तर टाचणी छातीच्या मध्यरेषेच्या उजवीकडे टोचतात, म्हणजे डावी बाजू तरी अभ्यासाला शाबूत राहते. डीएनएसाठी एक मधला पाय 95 टक्के अल्कोहोलात वेगळा ठेवायचा. अख्खी माशी अल्कोहोलात बुडवली तर केस चिकटून रंग वाचता येत नाहीत. धुऊन, गार हवेने फुंकून केस पुन्हा उभे करावे लागतात.

सारणी कोणत्या प्रदेशासाठी लिहिली आहे ते आधी पाहा. ब्रिटिश सारणी हिमाचलच्या माशीला 'नाही' कधीच म्हणणार नाही. तिच्याकडच्या 24 नावांतलं एक नाव देऊन मोकळी होईल.

नावासमोरचे कंसही वाचायला शिका. टेरेस्ट्रिसपुढे पहिलं वर्णन करणाऱ्याचं नाव आणि साल (लिनियस, 1758) असं कंसात लिहितात, कारण लिनियसने तिला मधमाशीच्या एपिस या प्रजातीत घातलं होतं; बॉम्बस ही प्रजाती लात्रेयने 1802 साली मांडली. हिमालयातल्या बॉम्बस हीमोरॉयडॅलिसपुढे स्मिथ, 1852 हे कंसाविना येतं, कारण स्मिथने तिचं पहिलं वर्णन बॉम्बसमध्येच केलं. हिमाचलात नौणीच्या विद्यापीठात पिकांच्या परागीभवनासाठी पाळायचे प्रयोग झाले ते हिच्यावर.

आणि जात ठरलीच नाही तर? जिथे थांबलात तिथपर्यंतचं लिहा. 'बॉम्बस, ल्युकोरम गट, कामकरी' ही पूर्ण आणि उपयोगी नोंद आहे. उगाच लावलेलं 'ल्युकोरम' ही बिघडलेली नोंद. चिठ्ठीवर ठिकाण, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासून उंची, तारीख, फुलाचं नाव आणि गोळा करणाऱ्याचं नाव. हिमालयात उंची गाळू नका, एकाच उतारावर 1000 मीटर चढलं की माश्यांचा संच बदलतो. आणि चिठ्ठी पेन्सिलीने लिहा. बॉलपेनची शाई अल्कोहोलात विरघळते, मग बाटलीत उरते नाव-गाव नसलेली एक माशी आणि निळसर पाणी.